सेपरेटरचं कोटिंग, इलेक्ट्रोलाइटनं भिजणं आणि लिथियम-आयन बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवतो आणि प्रयोगशाळेत बॅटरीच्या सेपरेटरवर काम करतो. प्रश्न तीन ठिकाणांहून येतात. काही एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलांचे, काही उद्यमनगर-शिरोलीकडे बॅटरी पॅक बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींचे, तर काही नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेल्यांचे. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सेपरेटर म्हणजे नक्की काय? बॅटरीत तो काय काम करतो?

सेलमधल्या कॅथोड आणि ॲनोड या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पांढरा, पातळ पडदा असतो. तो सेपरेटर. बहुतेक सेलमध्ये तो पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. म्हणजे कुळानं आपल्या दुधाच्या पिशवीचाच भाऊ, पण बारीक छिद्रांनी भरलेला. जाडी साधारण ९ ते २५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून बरीच कमी. त्यातली सुमारे ४० टक्के जागा पोकळ असते आणि एकेक छिद्र एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतं.

दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, पण लिथियमचे आयन मात्र येऊ-जाऊ द्यायचे, हे त्याचं काम. प्लास्टिकमधून आयन जात नाहीत. छिद्रांत भरलेल्या इलेक्ट्रोलाइटमधूनच, म्हणजे लिथियमचे क्षार विरघळलेल्या द्रवातूनच ते जातात. म्हणून कोरडा सेपरेटर म्हणजे कुलूप लावलेलं दार.

२. "भिजणं" आणि "ओलावा" यांत फरक काय? सर, तुम्ही एकाला चांगलं म्हणता, एकाला वाईट.

हा गोंधळ भाषेमुळे होतो, आणि तो वर्गातच निस्तरलेला बरा. भिजणं म्हणजे इलेक्ट्रोलाइट सेपरेटरच्या आणि पट्ट्यांच्या छिद्रान्‌छिद्रात शिरणं. ते हवंच. ओलावा म्हणजे पाणी, आणि पाणी लिथियम-आयन सेलचं वैरी. या पानावर "भिजणं" हा शब्द फक्त इलेक्ट्रोलाइटसाठी वापरलाय आणि पाण्यासाठी "दमटपणा" (प्रश्न १० पाहा).

३. साधा प्लास्टिकचा सेपरेटर नीट भिजत का नाही?

इचलकरंजीच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. मागावरून उतरलेलं कोरं कापड पाण्यात टाकलं की ते बराच वेळ वर तरंगत राहतं. सुतावर कांजी असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही असतं. ते धुऊन काढलं की तेच कापड क्षणात पाणी पितं. धागा तोच आणि वीणही तीच, बदलतो तो फक्त पृष्ठभाग.

पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचा पृष्ठभाग जन्मतःच मेणासारखा. त्यांची पृष्ठऊर्जा मीटरला ३० मिलिन्यूटनच्या आसपास असते. इलेक्ट्रोलाइटमध्ये मात्र लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट हे क्षार आणि एथिलीन कार्बोनेटसारखे ध्रुवीय द्रावक. त्याच कुळातल्या प्रॉपिलीन कार्बोनेटचा पृष्ठताण ४१ मिलिन्यूटनच्या घरात आहे. द्रवाचा ताण प्लास्टिकच्या ऊर्जेहून जास्त असला की थेंब पसरत नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो.

पण "साधा सेपरेटर भिजतच नाही" असं काही शोधनिबंधांत बिनदिक्कत लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. डायमिथिल कार्बोनेटसारखे पातळ द्रव भरपूर असतील तर साधं पॉलिप्रॉपिलीनही भिजतं. अडचण येते ती एथिलीन किंवा प्रॉपिलीन कार्बोनेटचं प्रमाण जास्त असलेल्या, क्षार दाट असलेल्या किंवा आयनिक द्रवांच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये. त्यामुळे आपला इलेक्ट्रोलाइट कोणता हे आधी सांगा, कोटिंगचं बोलणं नंतर.

४. कोटिंग कशाचं असतं आणि ते कसं लावतात?

सगळ्यात जास्त चालतं ते ॲल्युमिनाचं (म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचं) आणि बोहेमाइटचं. बोहेमाइट म्हणजे ॲल्युमिनियमचंच एक जलयुक्त ऑक्साइड. सिलिकाची, तसंच ॲरामिड आणि पीव्हीडीएफ या पॉलिमरांचीही कोटिंग्ज असतात. पीव्हीडीएफचा आणखी एक उपयोग म्हणजे त्यामुळे पट्टी सेपरेटरला चिकटून राहते, म्हणून पाऊच सेल (मऊ, चपट्या पिशवीतले सेल) बनवणारे ते पसंत करतात.

बारीक पूड, थोडा बाइंडर (कणांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि पाणी यांची पातळ खळ करायची, ती रोलरनं फिल्मवर चढवायची आणि वाळवायची. थर एका बाजूला १ ते ४ मायक्रॉनचा. अलीकडे बोहेमाइटकडे कल वाढलाय, त्याचं एक कारण अगदी कारखान्यातलं आहे. ॲल्युमिना फार कठीण. फिल्म कापणाऱ्या पात्यांची धार तो झटपट खातो. बोहेमाइट बराच मऊ आणि वजनालाही हलका.

५. एवढ्याशा थरानं भिजण्यात फरक कसा पडतो?

दोन गोष्टींमुळे. पहिली, ॲल्युमिनाच्या कणांचा पृष्ठभाग ध्रुवीय असतो, तिथं इलेक्ट्रोलाइट पसरतो. दुसरी, कणांच्या फटींतून द्रव केशाकर्षणानं आडवा धावतो, जशी निरांजनाच्या वातीत तेलाची चढण. कोटिंगचा थर म्हणजे जणू सेलभर अंथरलेली वात. ती आधी भिजते, मग तिच्याखालच्या प्लास्टिकला आणि शेजारच्या पट्टीला द्रव पुरवते.

इथं वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. छिद्रांतून द्रव पुढं सरकतो ते अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे दुप्पट अंतर जायला चौपट वेळ. नाण्याएवढ्या कॉइन सेलमध्ये काही मिनिटांत होणारं भिजणं मोठ्या पाऊच सेलमध्ये तासन्‌तास घेतं ते यामुळे. कारखान्यात निर्वात करून इलेक्ट्रोलाइट भरतात, मग सेल काही तास, कधी त्याहून जास्त, बहुतेकदा थोड्या उबेत नुसते ठेवून देतात. तोवर पहिलं चार्जिंग करत नाहीत. कोटिंगमुळे हा थांबण्याचा काळ कमी होतो. माझ्या मते कोटिंगचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा हाच.

६. आमच्या फाउंड्रीत साच्याला कोटिंग मारतात. हे तसंच का?

शिरोलीच्या एका पॅटर्नमेकरनं हा प्रश्न विचारला होता. मला तो फार आवडला, कारण उत्तर उलटं आहे. वाळूच्या साच्याला झिरकॉन किंवा ग्रॅफाइटचा वॉश मारतात तो वितळलेला धातू वाळूत शिरू नये म्हणून. तिथं कोटिंगचं काम द्रवाला अडवणं. सेपरेटरवर तेच काम द्रवाला आत घेणं. बारीक पूड, बाइंडर, पातळ थर, वाळवणं, थर सोलून निघाला की दोष, हे सगळं सारखं. फाउंड्रीवाल्याला सेपरेटरचा थर का सोलला हे चटकन कळतं, असा माझा अनुभव आहे. साम्य आणखी एका बाबतीत आहे, ते म्हणजे उष्णतेत आकार टिकवणं (प्रश्न ८).

७. थोडा भाग कोरडा राहिला तर काय बिघडतं? बाकीचा सेल तर चालतोच ना?

चालतो, आणि धोका त्यातच आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा सेल क्षमता दाखवत होता, पण पंधरा-वीस चार्जिंगनंतर पार घसरला. पूर्ण चार्ज करून आम्ही तो ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या, निष्क्रिय वायूनं भरलेल्या बंद पेटीत उघडला. साधा सेपरेटर भिजला की त्याचा पांढरेपणा जातो आणि तो अर्धपारदर्शक होतो, भज्यांखालच्या कागदासारखा. तिच्या सेपरेटरवर मधोमध वाटाण्याएवढा डाग मात्र पांढराच होता. तो उचलला तर खाली ॲनोडची ग्रॅफाइटची पट्टी. चार्ज झालेलं ग्रॅफाइट सोनेरी दिसतं, तशी ती सगळीकडे सोनेरी होती. डागाखाली मात्र काळीच, आणि त्या काळ्याभोवती करड्या-चंदेरी रंगाचं कडं.

ते कडं धातुरूप लिथियमचं. कोरड्या जागेतून आयन जात नाहीत, म्हणून तिच्या वाट्याचा प्रवाह कडेनं वळतो. तिथल्या ग्रॅफाइटला एवढे आयन एकदम पोटात घेता येत नाहीत, मग लिथियम वरच साचतं. हे लिथियम पुन्हा कामाला येईलच असं नाही. काही इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया होऊन संपतं, काही सुईसारखं वाढून सेपरेटर भेदू शकतं. सबब कोरडा डाग म्हणजे नुसती क्षमतेतली तूट नव्हे, तिथून पुढच्या बिघाडाची सुरुवात होते.

तिनं पुढचे सेल भरल्यावर रात्रभर ठेवून दिले. डाग गेला. कोटिंग नंतर आलं, आधी वेळ दिला एवढंच.

८. कोटिंगमुळे स्कूटरची रेंज वाढते का? आणि आग लागत नाही, हे खरं का?

रेंजचं आधी. क्षमता ठरते कॅथोड-ॲनोडमध्ये किती माल आहे त्यावर. सेपरेटर काहीही असला तरी मालापेक्षा जास्त ऊर्जा देणार नाही. कोटिंगचा फायदा दिसतो तो झटपट चार्जिंगमध्ये, चढाला जोर लावताना आणि वर्षं सरल्यावर किती क्षमता टिकली त्यात.

आता आगीचं. पॉलिएथिलीन १३० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास. पॉलिएथिलीन वितळून छिद्रं बुजली की आयनांची वाट बंद होते, हा एक अंगभूत बचाव. पण तापमान आणखी वाढलं तर फिल्म आकसते, कडा आत ओढल्या जातात आणि दोन्ही पट्ट्या समोरासमोर उघड्या पडतात. सिरॅमिकचा थर या आकसण्याला धरून ठेवतो. त्यामुळे वेळ मिळतो. आग लागणारच नाही अशी हमी कोणतंही कोटिंग देत नाही. खराब चार्जर, बिघडलेलं बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), पॅकमध्ये शिरलेलं पाणी, यांच्यापुढे चार मायक्रॉनचा थर एकटा पुरा पडत नाही. स्कूटरना लागलेल्या आगींनंतर भारतात एआयएस-१५६ हे सुरक्षेचं मानक डिसेंबर २०२२ पासून कडक झालं. स्कूटर घेताना पॅक त्याप्रमाणे मंजूर आहे का, हे आधी विचारा. सेपरेटरची चौकशी त्यानंतर.

९. मग थर जाड दिला तर आणखी चांगलं?

नाही. हिशेब करून बघू. १२ मायक्रॉनची, ४० टक्के पोकळ पॉलिएथिलीन फिल्म चौरस मीटरला साधारण ७ ग्रॅम भरते. तिच्यावर ४ मायक्रॉनचा, अर्धा पोकळ ॲल्युमिनाचा थर दिला तर तो एकटाच ८ ग्रॅम होतो. म्हणजे कपड्यापेक्षा अस्तर जड! शिवाय थराची पोकळी भरायला चौरस मीटरला २ मिलिलिटर जादा इलेक्ट्रोलाइट लागतो आणि आयनांना चालायचं अंतर वाढतं.

बाइंडर जास्त झाला तर तो फिल्मच्या छिद्रांत उतरून ती बुजवतो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे गर्ली आकडा, म्हणजे ठरावीक हवा सेपरेटरमधून जायला लागणारे सेकंद. कोटिंगनंतर तो थोडा वाढणारच. दुप्पट झाला तर मात्र कृती चुकली असं समजा. दुसरा आकडा मॅकमुलिनचा: नुसत्या इलेक्ट्रोलाइटपेक्षा भिजलेला सेपरेटर आयनांना किती पट अडवतो. भिजणं सुधारून जे मिळालं ते जाडीनं गमावलं का, हे तोच सांगतो. बाइंडर फार कमी केला तर पूड झडते. बोट फिरवल्यावर पांढरं लागलं की तो रोल वापरू नये.

१०. पावसाळ्यात आमचे कोटेड सेपरेटरचे सेल जास्त खराब येतात. साध्याचे बरे असतात. असं का?

जुलैत कोल्हापुरात दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं ॲल्युमिना कसा कोरडा राहील? ज्या ध्रुवीय पृष्ठभागामुळे त्याला इलेक्ट्रोलाइट आवडतो, त्याच पृष्ठभागाला पाण्याची वाफही आवडते. साध्या प्लास्टिकला ती चिकटत नाही. हा कोटिंगचा खरा, टाळता न येणारा तोटा आहे आणि तो उघड सांगितला पाहिजे.

लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेटला पाणी लागलं की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं. ते कॅथोडमधला धातू विरघळवतं, ॲनोडवरचा संरक्षक पापुद्रा खराब करतं. ॲल्युमिना त्यातलं काही हायड्रोजन फ्लुओराइड स्वतःवर घेतो हे खरं, पण आधी त्यानंच पाणी आत आणलं असेल तर तो उपकार नव्हे.

उपाय साधा आहे आणि कंटाळवाणा आहे. सेपरेटर सेलमध्ये घालण्याआधी निर्वात ओव्हनमध्ये ६० ते ८० अंशांना रात्रभर ठेवा आणि मधे हवा न लागू देता थेट ग्लोव्हबॉक्समध्ये न्या. घाई म्हणून ओव्हन १२० वर नेऊ नका, फिल्म आकसेल. कारखान्यात यासाठी उणे ४० अंश दवबिंदू असलेल्या कोरड्या खोल्या असतात. आपल्याकडे त्या नसतील तर शिस्त तरी हवी. "बोहेमाइटमध्ये मुळातच पाणी असतं ना?" असंही विचारतात. ते स्फटिकात बांधलेलं असतं, काही शे अंशांपर्यंत सुटत नाही. त्रास वरवर चिकटलेल्या वाफेचा.

११. कोटिंग एकाच बाजूला असेल तर ती बाजू कुठं ठेवायची?

मी कॅथोडकडे ठेवतो. जास्त व्होल्टेजला कॅथोडलगतचं पॉलिएथिलीन ऑक्सिडीकरणानं हळूहळू खराब होतं, मधे सिरॅमिक असलं की ते वाचतं. ॲनोडकडे ठेवणारेही आहेत. लिथियमच्या सुया अडाव्यात हा त्यांचा हेतू, आणि तो चुकीचा नाही. सिलिकाचं कोटिंग मात्र ॲनोडकडे नको. लिथियमशी त्याची अभिक्रिया होते आणि आपलं लिथियम फुकट जातं. काहीही ठरवा, पण वहीत बाजू लिहा. निम्मे सेल इकडे, निम्मे तिकडे असे बसलेले निकाल मी पाहिलेत. त्यातून काहीच निघत नाही.

१२. कोटिंगऐवजी प्लाझ्मा किंवा कोरोना प्रक्रिया केली तर? वजनही वाढत नाही.

भिजणं सुधारतं, वजन खरंच वाढत नाही. पण प्लास्टिकच्या साखळ्या हळूहळू वळतात, ध्रुवीय गट आत जातात आणि काही दिवस-आठवड्यांत पृष्ठभाग पुन्हा मेणासारखा होऊ लागतो. त्यामुळे प्रक्रिया केल्या दिवशीचं मोजमाप आणि महिन्यानंतरचं, दोन्ही द्या. शिवाय उष्णतेत आकसण्यावर (प्रश्न ८) याचा उपयोग नाही.

१३. आमच्या कॉइन सेलमध्ये कोटेड आणि साधा, काहीच फरक दिसत नाही. कोटिंग फसलं का?

बहुतेक इलेक्ट्रोलाइट जास्त झालाय. १९ मिलिमीटर व्यासाच्या, २५ मायक्रॉन जाडीच्या, ४० टक्के पोकळ सेपरेटरमध्ये मावतो किती? सुमारे ३ मायक्रोलिटर. दोन्ही पट्ट्यांची पोकळी धरली तरी गरज त्याच्या काही पट. आणि आपली मुलं टाकतात ८० ते १०० मायक्रोलिटर. पंचगंगेला पूर आल्यावर कुणाच्या शेताचा पाट चांगला होता हे कळत नाही, तसं होतं.

इलेक्ट्रोलाइट टप्प्याटप्प्यानं कमी करत जा, भरल्यावर ठेवण्याचा वेळ सगळ्यांना सारखा द्या आणि तुलना जास्त प्रवाहाला करा. फरक असेल तर तिथं उघडा पडतो. काचतंतूचा जाड सेपरेटर जोडीला घातला असेल तर तो काढा. तो एकटाच सगळा द्रव पिऊन बसतो.

१४. पाण्याच्या थेंबाचा कोन मोजून "भिजणं सुधारलं" असं लिहिलं तर चालेल का?

चालत नाही. सेलमध्ये पाणी घालत नाही आपण. पाण्याचा पृष्ठताण इलेक्ट्रोलाइटच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे पाण्याला न भिजणारा सेपरेटर इलेक्ट्रोलाइटला छान भिजू शकतो. कोन आपल्याच इलेक्ट्रोलाइटचा मोजा आणि किती सेकंदांनी मोजला ते लिहा. छिद्रं थेंब शोषतात, त्यामुळे कोन सारखा कमी होत जातो. आकड्यासोबत वेळ नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

१५. आम्ही पॅक बांधतो. सेलमध्ये कोटेड सेपरेटर आहे का, हे सेल उघडून बघावं का?

अजिबात उघडू नका. आत ज्वलनशील द्रव असतो, हवेतल्या दमटपणानं हायड्रोजन फ्लुओराइड निघतं आणि उरलेलं लिथियम पेटू शकतं. "जुन्या सेलमध्ये थोडा इलेक्ट्रोलाइट घातला तर?" हेही मला फोनवर विचारलं गेलंय. भोक पाडलं तिथंच सेल संपला, त्यात पुन्हा काही भरता येत नाही. उत्पादकाच्या तपशीलपत्रात सिरॅमिक कोटेड असल्याची नोंद असेल तर असते. दुकानात पडताळायच्या गोष्टी वेगळ्या: एकाच खेपेचे सेल, अंतर्गत रोध जुळणारा आणि आठवडाभर ठेवून व्होल्टेज न उतरणारा.

१६. कोटिंग असलेला सेलही वर्षांनी "वाळतो" का?

हो. ॲनोडवरचा पापुद्रा हळूहळू जाड होत जातो आणि त्यात इलेक्ट्रोलाइट खर्च होतो. उष्णतेत जास्त वेगानं. कोटिंग उरलेला द्रव धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखा वाटतं, म्हणून प्रश्न ७ मधले कोरडे डाग उशिरा पडतात. नवा द्रव ते निर्माण करत नाही. उन्हात स्कूटर उभी करून लगेच चार्जिंगला लावण्याची सवय सोडली तर सेलला कोणत्याही कोटिंगइतकाच फायदा होईल.

१७. महागडी उपकरणं नाहीत. कॉलेजात भिजणं मोजायचा काही मार्ग आहे?

आहे, आणि मी तो दरवर्षी करून घेतो. प्रॉपिलीन कार्बोनेट घ्या, क्षार न घालता. मग हायड्रोजन फ्लुओराइडचा प्रश्न येत नाही. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. साध्या आणि कोटेड सेपरेटरच्या एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, पेन्सिलनं दर दोन मिलिमीटरला खूण करा, क्लिपनं टांगा आणि खालचं टोक द्रवात बुडवा. दर मिनिटाला द्रव कोणत्या खुणेपर्यंत चढला ते लिहा. उंचीचा वर्ग आणि वेळ यांचा आलेख काढला की कोटेड पट्टीची रेषा सुरुवातीला बऱ्यापैकी सरळ येते. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर द्रव बहुतेकदा पहिल्या खुणेपाशीच थांबतो. पट्टीच्या मागे काळा कागद लावा, भिजलेली कडा त्यावर स्पष्ट दिसते.